दादांच्या हातचं माप

"आज संध्याकाळी आमचा धाकटा कारखान्यातल्या मिस्त्रींना कामावरून काढणार," थोरल्या भावानं खुर्चीत टेकता टेकता सांगितलं. "तीस वर्षं आमच्याकडे असलेला माणूस आहे, बाई. त्याआधी खरं काय ते शोधा."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला. त्यांचे सोबती मास्तर, निवृत्त चित्रकलाशिक्षक, यांनी वही उघडली. मास्तरांची अक्कल जरा मागून चालते, वही मात्र कायम पुढे. असो.

हकिकत अशी. दादांनी, म्हणजे या भावांच्या वडिलांनी, एका जुन्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कारखाना सुरू केला. आज नव्या शेडमध्ये बारा यंत्रं आहेत. पण जुन्या शेडमध्ये मिस्त्रींनी केलेले दोनशे शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, गिऱ्हाइकानं परत पाठवले होते. सगळे केसभर बारीक. नव्या शेडचा एकही नग परत आला नव्हता. धाकट्याचं म्हणणं, नवी यंत्रं मिस्त्रींच्या डोळ्यांत खुपतात, म्हणून त्यांनी मुद्दाम माल बिघडवला.

कारखान्याच्या दारातच दादा भेटले. मास्तरांकडे तोंड करून म्हणाले, "या बाई, बसा." मास्तरांच्या झुपकेदार मिशा थरथरल्या. बाई हसल्या नाहीत, याचं त्यांना बरंही वाटलं आणि नवलही.

जुन्या शेडमध्ये लख्ख उजेड होता. दादांची तक्रार असते म्हणून दिवे दोनदा बदलले, असं थोरला म्हणाला.

धाकटा फटकळ, पण आत एक बाहेर एक असा नव्हता. जुनी शेड पाडून तिथं नवं यंत्र बसवायचंय, हे त्यानं आपणहून सांगून टाकलं. बाईंनी त्याच्याकडूनच नव्या शेडमधल्या मायक्रोमीटरनं, म्हणजे केसभर फरकही दाखवणाऱ्या मापानं, शाफ्ट मोजून घेतले. कुठलाही घ्या, मापावरची पाच घरंच कमी भरत होता.

मिस्त्री मिठाची गुळणी धरून उभे होते. ते कशानं मोजतात, एवढंच बाईंनी विचारलं. मिस्त्रींनी जुन्या शेडचा मायक्रोमीटर दाखवला. त्याचे जबडे मिटले की रेघ बरोबर शून्यावर यायला हवी. ते शून्य महिन्यातून एकदा दादाच लावतात, ते फिरवायचा पाना ज्या पेटीत असतो तिची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. दादांच्या हातचं माप कुणी पुन्हा तपासत नाही, ही पहिल्या दिवसापासूनची रीत.

मग बाईंनी सगळ्यांना जुन्या लेथपाशी बोलावलं.

"हात चुकला तर एक नग जाड होतो, एक बारीक," त्या म्हणाल्या. "दोनशे नग एकसारखे चुकले, म्हणजे हात सरळ होता. माप चुकलं होतं." त्यांनी मायक्रोमीटर मिटून धाकट्यापुढे धरला. रेघ शून्यापासून पाच घरं दूर होती.

"म्हणजे मिस्त्रींनीच फिरवलं की."

"मुद्दाम कुणीच फिरवलं नाही. लावणाऱ्याला रेघच दिसत नव्हती. लख्ख दिवे ज्यांना मंद वाटतात आणि मास्तरांच्या मिशा ज्यांना दिसत नाहीत, त्यांना ती बारीक रेघ कशी दिसावी?"

मास्तरांची पेन्सिल थांबली. दारात आपण रुसत बसलो आणि खूण तीच होती, याची त्यांना लाज वाटली.

धाकट्याचा चेहरा उतरला. "मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं?"

"माल परत आला तेव्हा कळलं."

"मग बोलायचं ना."

"मला दुसरीकडे काम मिळेल," मिस्त्री म्हणाले. "दादांना काय मिळणार?"

"मला वाटत होतं, दिवेच वाईट निघाले," दादा म्हणाले. त्यांनी कमरेची किल्ली सोडून पुढे केली. हात मिस्त्रींच्या शेजारच्या रिकाम्या जागेत थांबला. मिस्त्री चपला न वाजवता दोन पावलं सरकले आणि त्या हातापुढे जाऊन उभे राहिले.

"उद्यापासून तू लाव," दादा म्हणाले. "आणि धाकट्या, तू ते रोज तपासत जा."