डाव्या गुडघ्यावरचा हात

सहकारनगरच्या चढावर उल्काबाईंचा बंगला आहे. त्याच्या पोर्चमध्ये पंचावन्न सालची निळी मोटार उभी असे. पुढे अखंड बाक, गिअरचा दांडा स्टीअरिंगलगत, आणि पुढच्या बाकावर मुलांनी बसायचे नाही अशी त्यांचे यजमान श्यामसुंदररावांची सक्त ताकीद. ते जाऊन वर्ष होत आले होते, आणि चिरंजीव केदार यांना त्या जागेत आपली नवी गाडी लावायची होती.

"विश्रांतवाडीचा जुन्या मोटारींचा एक शौकीन तयार आहे, आई. दिवाळीआधी घेऊन जाईल."

"ती मी चालवणार आहे."

"तू?"

"मंडईपर्यंत जाऊन परत येईन. आले, तर मोटार दारात राहील. नाही जमले, तर बोलाव तुझ्या शौकिनाला. हार मीच घालीन त्याला."

केदार हसला. ते हसू त्याच्या वडिलांचेच होते, अर्ध्या ओठाचे.

उभ्या संसारात उल्काबाईंना चालकाच्या जागेवर बसू दिले गेले नव्हते. 'बायकांच्या पायाला क्लच कळत नाही' हे श्यामसुंदररावांचे मत होते, आणि मत मांडून झाल्यावर ते चर्चा ठेवत नसत. उतारवयात त्यांचाच डावा पाय लुळा पडला. तरीही मोटार सुटेना. मग दर रविवारी सकाळी उल्काबाई शेजारी बसत आणि आपल्या उजव्या हाताने त्यांचा डावा गुडघा खाली रेटत. "दाब," ते म्हणत. गिअर पडे. "सोड," ते म्हणत. मोटार निघे. त्या वर्षांत दोघांमध्ये या दोन शब्दांपलीकडे फारसे बोलणे उरलेच नव्हते.

त्या हाताची करंगळी वाकडी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात श्यामसुंदररावांनी न बघता मोटारीचे दार आपटले, तेव्हा ती चेमटली होती. ते उतरून आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "दाराचा रंग उडाला का बघ."

गॅरेजवाल्या करीम मिस्त्रींनी क्लच नवा बसवला. हातवारे करून समजावूनही सांगितले. "इंजिन फिरतच असतं, बाई. ही प्लेट त्याला घट्ट चिकटली की चाकं फिरतात. पेडल दाबलं की प्लेट सुटते, इंजिन आपलं एकटं फिरत बसतं. सोडताना हळूहळू सोडायचं. संसारासारखं."

"कोणाच्या संसारासारखं?"

करीम मिस्त्री पाना पुसण्यात गढून गेले.

उल्काबाई रोज सकाळी चढाखालच्या शांत गल्लीत सराव करू लागल्या. पाय टेकवण्याआधीच पेडल किंचित खाली गेलेले असे. नवी स्प्रिंग असेल, असे त्यांनी मनाशी ठरवले. पुढे गाडीत जळका वास येऊ लागला. करीम मिस्त्रींनी प्लेट काढून दाखवली. तिचे अस्तर काळे पडून झिजले होते.

"तुम्ही पाय पेडलवर ठेवून चालवताय, बाई. अर्धवट दाबलेलं राहिलं की घासून जळतं."

"मी पाय उचलून बाजूला ठेवते."

"मग दुसरं कोणीतरी ठेवत असेल," ते हसत म्हणाले. उल्काबाई हसल्या नाहीत.

दुसरी प्लेट बसली. त्यानंतर बांगड्यांची किणकिण ऐकू येऊ लागली. गिअर बदलताना, दर वेळी, डाव्या अंगाने. करीम मिस्त्रींनी बाकाखालच्या स्प्रिंगा तपासल्या, दाराचे नटबोल्ट आवळले. किणकिण थांबली नाही. काचेच्या बांगड्या उल्काबाईंनी वर्षापूर्वीच उतरवल्या होत्या.

मग गुडघ्यावर वजन पडू लागले.

त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. रिकाम्या मोटारीत मात्र त्या कडाडल्या, "आता तरी पाठ सोडा. जिवंतपणी पुरे झाले." वजन हलले नाही. आंघोळीच्या वेळी गुडघ्यावर निळसर वळ दिसले. चार बोटे, एक अंगठा. पण श्यामसुंदररावांचा पंजा रुंद होता. हे वळ बारीक होते आणि त्यांतला शेवटचा वाकडा होता.

उल्काबाईंनी आपला उजवा हात त्या वळांवर ठेवला. तो तंतोतंत बसला.

नंतर त्यांनी नेसायला नवी साडी काढली, कारण मंडईला जाण्याचा दिवस तोच होता.

केदार सवयीने मागे बसला. सारसबाग मागे पडली, मोटार बाजीराव रस्त्याला लागली. मंडईत उल्काबाईंनी खाली न उतरताच काचेतून कोथिंबीर घेतली. परतीच्या वाटेवर, मित्रमंडळ चौकाच्या सिग्नलला, इंजिन बंद पडले. त्यांनी ते पुन्हा सुरू केले, पण क्लच दाबायला पाय उचलेना. डावा पाय मांडीपासून खाली त्यांचा उरलाच नव्हता.

मागे हॉर्नचा गदारोळ उठला.

"काकू, पेशव्यांनी सोडलीय का ही?" स्कूटरवरचा एक जण ओरडला. "ढकलू का?"

"आई, उतर," केदार म्हणाला. "तमाशा नको. मी फोन करतो त्या शौकिनाला." त्याने खिशातून फोन काढलाही.

उल्काबाईंनी समोर पाहिले. सिग्नल हिरवा झाला होता.

"दाब," त्या म्हणाल्या.

बांगड्या किणकिणल्या. गुडघा खाली गेला.

गिअर पडला.

"सोड."

मोटार लोण्यासारखी निघाली.

चढ चढून ती पोर्चमध्ये शिरली. केदारने फोन खिशात ठेवला. "जिंकलीस," तो म्हणाला. त्या शब्दात आनंद नव्हता. "पण ते दाब-सोड काय लावलं होतंस? अगदी बाबांसारखं."

डाव्या बाजूला वळून, इतक्या वर्षांत कोणी न उच्चारलेला एक बरा शब्द बोलावा, असे उल्काबाईंच्या मनात आले होते. तो जिभेवर येत होता.

केदार उतरला. पुढचे डावे दार त्याला उघडे दिसले. का उघडे आहे याचा विचार न करता त्याने ते आपटले.

आवाज दाराचा झाला, आणि बांगडीची काच फुटल्याचाही. बाकावर कोणीतरी श्वास आत ओढला. उल्काबाईंच्या करंगळीतून कळ गेली.

त्यांनी तोंड उघडले.

"दाराचा रंग उडाला का बघ," त्या म्हणाल्या.