छगननं धरलेला दम

पौषातली थंडी, आणि शेवगावात दिवेलागणीनंतर करण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून जेवणं उरकली की भिमाजीतात्यांच्या ओसरीवर शेगडी यायची आणि घरातली पोरं गोष्टीसाठी हटून बसायची. तात्या आधी नाही म्हणायचे. हे नाही म्हणणं गोष्टीतच धरायचं असतं, हे नव्या सुनेच्या, पुष्पावतीच्या, आठ दिवसांतच लक्षात आलं होतं. ती माजघराच्या दाराआड डाळ निवडत बसायची. कंदिलाच्या उजेडात डाळ निवडली जात नाही हे सासूबाईंनाही ठाऊक होतं, पण त्याही जवळच बसलेल्या असत.

"खोट्या गोष्टी मला येत न्हाईत," तात्या म्हणाले. "आपला छगन हाय ना, वरल्या आळीचा? त्याच्यावर बेतलेली सांगतो. उद्या सकाळी मोटेला बैल न्यायला येनारच हाय त्यो. पटलं न्हाई तर त्यालाच इचारा."

पोरं शेगडीजवळ सरकली.

छगनचा धाकटा भाऊ बन्सी म्हणजे हुतुतूत शेवगावचा हुकमी गडी. छगन स्वतः कधी खेळला नाही, तो बघायचा. पण त्याचं बघणं म्हणजे काही साधं बघणं नव्हतं. बन्सी छाती भरून, हुतुतुतु करत मधली रेघ ओलांडून समोरच्यांत शिरला की इकडे छगनही श्वास कोंडून धरायचा. बन्सी रेघेवर परतला की मगच सोडायचा. लहानपणी एकदा छगनला मध्येच खोकला आला आणि नेमका तेव्हाच बन्सीचा दम तुटला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की आपण धरला तरच त्याचा टिकतो. छगनची बायको भागूबाई म्हणायची, "खेळत्यात भावजी, आन् निळं पडताय तुमी. एक दिवस बसल्या जागी जाताल!"

चव्वेचाळीस साली नगरात सामने ठरले. शेवगावचा संघ आणि मागं गावची वीस-पंचवीस माणसं, अशी सगळी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं निघाली. निघाली म्हणायचं एवढंच. करंजीचा घाट आला तशी मोटार बसली आणि माणसांनी तिला ढकलत वर नेलं.

नगर पाहून सगळ्यांचे डोळे दिपले. भिंतीतल्या नळातून पाणी येतं. विजेचे दिवे आहेत, पण लढाईपायी त्यांना काळ्या कागदाच्या टोप्या घातलेल्या. किल्ल्याकडे जरा निरखून पाहिलं तर शिपाई हाकलतो. मैदानावर रेघासुद्धा चुन्याच्या! शेवगावात रेघ टाचेनं ओढायची आणि ती पुसली की भांडायचं, हीच रीत. पण सर्वांत नवल वाटलं ते नगरच्या बघ्यांचं. ते बाकांवर बसून टाळ्या वाजवत होते.

"आरं, ह्यांचा गडी पकडला तरी टाळ्या?" गोरक्षनाथ म्हणाला. तो संघाचं सामान सांभाळायचा आणि तोंड मात्र सांभाळायचा नाही. "कुनी मेलं तरी आसंच वाजवत असत्याल. आपल्याकडं एव्हाना दोघाचौघांची धोतरं सुटली असती."

त्या दिवशी शेवगाव जिंकलं. शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी होता. मुक्कामाला एका जुन्या तालमीमागची लांबट खोली मिळाली. झाडलोट करणारी रतनबाई घागर ठेवून गेली. जाताना म्हणाली, "कडी लावून निजा." परगावी कुणीही सांगेल तसंच सांगितलं तिनं. कुणी मनावर घेतलं नाही, पण कडी लावली.

पौष वद्य चतुर्दशीची रात्र होती. चंद्र नाही. सगळे ओळीनं घोंगड्यांवर पडले. छगन भिंतीकडेला, त्याच्या शेजारी बन्सी.

दोनाचा टोल झाला तेव्हा छगनला जाग आली.

बाहेर, तालमीच्या अंगणात कुणीतरी घुमत होतं.

हुतुतुतुतु...

छगनला वाटलं, बन्सी. उद्याच्या धास्तीनं झोप लागली नसेल, उठून सराव करतोय. पडल्या पडल्या, सवयीनं, त्यानं छाती भरून घेतली आणि श्वास धरला.

हुतुतुतुतु... आवाज अंगणाच्या या टोकाला आला, त्या टोकाला गेला. छगन मनाशी हसला. काय दम आहे पोराचा! उद्या नगरकरांच्या टाळ्या बंद.

आवाज थांबेना.

छगनच्या कानशिलांत ठोके पडू लागले. आता सोड रे बाबा, परत फिर. छाती भाजायला लागली. आधारासाठी त्यानं हात टाकला, तो शेजारच्या तोंडावर पडला.

गरम तोंड. घोरणारं.

बन्सी तिथंच होता.

"मग भायेर कोन?" ओसरीवरल्या एका पोरानं विचारलं. तात्यांनी शेगडीतला निखारा उलटा केला, एवढंच. माजघरात डाळीचा आवाज थांबला होता.

छगननं श्वास सोडायला तोंड उघडलं.

सुटेना.

घ्यायला गेला. येईना.

हुतुतुतुतु... आता दाराशी.

कडी वाजली नाही. दार हललं नाही. आवाज मात्र आत आला. निजलेल्यांच्या पायांमधून हिंडू लागला. पावलं नाहीत. नुसता आवाज. एकाजवळ थांबे... पुढं जाई. सगळे श्वास घेत होते. सगळे.

एकटा छगन सोडून.

आवाज त्याच्या उशाशी आला. हळू झाला. कानात आला. हुतुतुतु... गार. त्याला वास नव्हता, ऊब नव्हती. माणसाच्या तोंडाजवळ जे असतं, त्यातलं काही नव्हतं.

छगननं पाय झाडले. एकदा. पुन्हा. बन्सीला लाथ बसली. बन्सी उठला, अंधारात चाचपत त्यानं भावाची छाती धरली. दगड.

"दादा! आरं श्वास घे! दादा...!"

पाठीत बुक्की. दुसरी. तिसरी.

आवाज थांबला.

आणि त्या अंधारात कुणीतरी श्वास घेतला. खोल, लांबलचक... विहिरीच्या तळातून माणूस वर यावा तसा.

छगननं नव्हे.

तो बन्सीनंही ऐकला. मग कितीतरी वेळ काही नाही... आणि मग छगन बोलला. "पानी," म्हणाला. बन्सीनं काडी ओढली. दाराची कडी होती तशी होती.

सकाळी रतनबाई घागर न्यायला आली. सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "रात्री दम कुनी धरला हुता?"

तिची नजर छगनवर येऊन थांबली. तिनं ती लगेच काढून घेतली. "ह्याच तालमीतला, लई चांगला गडी हुता त्यो," एवढंच म्हणाली. "रेघंपत्तूर पोचलाच न्हाई." आणि घागर तिथंच ठेवून गेली.

सामना शेवगावनं जिंकला. छगननं तो पाहिला नाही. तो मैदानाकडे पाठ करून बसला होता.

"पन तात्या," एक पोर अगदी हळू म्हणालं, "त्यो श्वास कुनाचा?"

"श्वास छगनचाच," तात्या म्हणाले. "घेतला मातुर दुसऱ्यानं. चला, निजा आता."

सकाळी अंगणात धुकं होतं. पोरं तोंडातून वाफा सोडून विडी ओढल्याची नक्कल करत होती. गोठ्यात म्हशीच्या नाकातून वाफ, दारात तात्यांच्या बोलण्यातून वाफ. पुष्पावतीला रात्रीचं आठवून जरा हसूच आलं. तात्या सांगतात मात्र छान.

छगन आला. उंच, हसरा माणूस. "काय सूनबाई, गारठलात का?" त्यानं मोठ्यानं विचारलं. मग बैलांविषयी बोलला, उसाविषयी बोलला, पोरांना दटावून हसला. पुष्पावती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तसं बघणं बरं दिसत नाही म्हणून आत गेली आणि गुळाचा चहा घेऊन आली.

त्यानं चहा बशीत ओतला. वाफेचा धागा सरळ वर चढत होता.

छगननं बशी ओठांशी नेली आणि गाल फुगवून फुंकर मारली.

वाफ सरळच वर जात राहिली.