एका बाळाच्या तीन हाका

टिटवीच्या हिशेबी मंगळावरच्या त्या घरात तीन बाळं होती. पाळण्यात मात्र एकच होतं, आणि ते सकाळपासून सुं-सुं करत श्वास घेत होतं.

"तिघींपैकी एकीलाही आजार दिसत नाही," घर सांभाळणारी रोबो टिटवी शांतपणे म्हणाली.

"तिघी कुठून आणल्यास गं?" शाल्मली चिडली. तिची नजर धाकट्या बहिणीच्या खालीवर होणाऱ्या छातीवरून हलत नव्हती. आईने बाळाला खांद्यावर घेतलं. "पृथ्वीवरच्या डॉक्टरांना विचारलंय. उत्तर यायला पाऊण तास जाईल. तोवर नुसतं बघत बसायचं का?"

इतक्यात काचघरातून आजोबा धावत आले. मंगळाच्या मातीत पिकं घेणारे शास्त्रज्ञ ते. त्यांनी नातीला जवळ घेतलं. तिचा श्वास आणखीच वाजू लागला.

"टिटवीकडे एवढी माहिती आहे, तरी तिला कळत कसं नाही?" शाल्मलीने विचारलं.

"फोडणीची मोहरी आई कुठून घेते?" आजोबांनी उलट विचारलं.

"मिसळणाच्या डब्यातून. कोठारातून आणेपर्यंत तेल जळेल ना."

"पृथ्वी आपलं कोठार. टिटवीची कॅश (लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा) म्हणजे मिसळणाचा डबा. डब्यात हळद-जिरं कालवून ठेवत नाहीत, वाट्या वेगळ्या असतात. तशी हिच्या एका वाटीत आकडे, दुसरीत आवाज, तिसरीत चित्रं. प्रत्येकात शोधायची रीत निराळी."

"मग सगळ्या वाट्यांना मिळून एकच प्रश्न विचारायचा असला तर?"

"त्याला क्वेरी (साठ्याला घातलेला नेमका प्रश्न) म्हणतात. पण वाट्या जोडायला सगळ्यांत सारखी असलेली एखादी खूण लागते. उदाहरणार्थ, नाव."

शाल्मली वळली. "टिटवी, तुझ्या तीन बाळांची नावं सांग."

"आकड्यांत मृण्मयी. आवाजांत चिऊ. चित्रांत बकुळ."

आई येरझारा घालता घालता थांबली. दवाखान्यात नोंदवलेलं नाव मृण्मयी, पण घरात ती स्वतः बाळाला दिवसभर चिऊ म्हणूनच हाक मारायची. आणि आजोबा प्रत्येक फोटोखाली हौसेने बकुळ लिहायचे.

"अगं, आमच्याकडे एका बाळाला तीन नावं असतातच," शाल्मली म्हणाली. "तिघी एकच समज. आता सांग, श्वास वाजतो आणि ऑक्सिजन उतरतो, तेव्हा चित्रात काय असतं?"

समोरची भिंत पडद्यासारखी काळी झाली. निळे ठिपके उमटले, ते आकडे होते. त्यांच्यामागून आवाजाच्या लाटा आल्या, मग चित्रं. वेळेला वेळ जुळवत सगळं हळूहळू एकमेकांकडे सरकलं आणि जागच्या जागी बसलं. आपल्या बहिणीचे सगळे दिवस एकदम समोर पाहून शाल्मलीच्या अंगावर काटा आला. विखुरलेले तारे कुणीतरी ओळखीच्या आकारात मांडावेत, तसं ते होतं.

जिथे जिथे श्वास वाजला होता, तिथे तिथे बकुळ आजोबांच्या मांडीवर होती. त्यांच्या कोटाची बाही पिवळी होती.

आजोबांनी आपल्या बाहीकडे पाहिलं. काचघरात मोहरी फुलली होती. "पराग (फुलांतली बारीक पूड)," ते पुटपुटले आणि बाळाला आईकडे देऊन बाहेर गेले.

आईने बाळाला पुसून कपडे बदलले. टिटवीने हवा गाळली आणि सापडलेलं सगळं डॉक्टरांकडे धाडलं. उत्तर आलं: परागांचं वावडं असावं, वाफेतून औषध द्या. हळूहळू सुं-सुं विरली.

अंघोळ करून आलेले आजोबा दारातच थांबले. "आत येऊ का?"

बाळाने त्यांच्याकडे दोन्ही हात पसरले. आईने मान डोलावली.

"आजोबा, वस्तीतल्या सगळ्या बाळांच्या वाट्या अशा जुळवल्या, तर कुणाला कशाचं वावडं आहे ते आधीच कळेल?"

"बरंचसं कळेल."

"त्यांच्या आयांना विचारून," आई म्हणाली.

"नोंद दुरुस्त केली," टिटवी म्हणाली. "घरात बाळ एकच. हाका तीन."