मालेगावपर्यंत सायकलनं

चेन पडली ती नेमकी खिंडीच्या चढावर.

थंडी मी म्हणत होती. शेलूबाजार रोडवर चिटपाखरू नव्हतं. सायकल उलटी करून मी बसले होते, हात काळे, ओढणी काळी, आणि त्या चेनला तोंडाला येईल ते बोलत होते. तेवढ्यात मालेगावकडून एक सायकल उतरत आली. ब्रेक करकरले.

"शिव्या देऊन चढत नसते चेन," तो म्हणाला.

"मंग काय आरती ओवाळू तिची?"

हसला. खाली उतरला. खाकी स्वेटर, कानाला मफलर, डोळे जागरणानं लाल. एक काडी उचलली, चेन दात्यांवर बसवली, पायडल फिरवलं... झालं! मला इतका राग आला म्हणून सांगू. मी एवढा वेळ काय करत होते मग?

"कुठं चालल्या?"

"मालेगावले. कामावर."

"सायकलनं? रोज?"

"तेच ठरवायचं हाय. आठ दिवस चालवून पाहते म्हटलं."

"नाही जमत," त्यानं पटकन निकाल दिला. "मी करून राह्यलो म्हनून सांगतो. पंचर होते. ट्रॅक्टरवाले अंगावर येतात. आन् वारं... ते तं कोनाचंच सगं नाही."

"तुमाले जमते, मले काहून नाही?"

"मले तरी कुठं जमते? दुसरा इलाज नाही म्हनून करतो."

मलाही नव्हता. दिवाळी झाली की आमचा सगळा तांडा ऊसतोडीला जातो. माझे आई-बाबाही गेले. घराघराला कुलूप. माणसंच नाहीत म्हटल्यावर जीपवाला फाट्यावर यायचा बंद होतो, आणि एसटी येते ती दुकानं उघडल्यावर. मागे उरलो आम्ही दोघी. मी, आणि शेजारची रुखमाबाई. तिला धड दिसत नाही, तिचं माणूस कोणी नाही, तिला फडावर कोण नेणार? संध्याकाळी घरी यावं तर अख्ख्या तांड्यात दोनच दिवे. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. भुंकतील तरी कोणावर?

मालेगावात हुस्नाबानोच्या लेडीज टेलरिंगमध्ये मला नुकतीच मशीन मिळाली होती. बाई मनाची चांगली, पण बोलायला रोखठोक. "देख बेटी, लगनसराई हाय. ब्लाउज टाइमावर नाही गेला तं नवरी माह्या बोकांडी बसते. आठ दिवस सायकलनं येऊन पाह्य. नाही जमलं तं वरची खोली रिकामी हाय, इथंच राह्य. पन मशीन मी रिकामी नाही ठेवनार."

खोली म्हटल्यावर जीव हलला होता माझा. खाली माणसं, समोर बाजार, दिवसभर गलका! पण मी गेले तर तांड्यात एकच दिवा राहील... आणि तोही जिला दिसत नाही तिचा.

दुसऱ्या दिवशी खिंडीत तो पुन्हा भेटला. तिसऱ्या दिवशीही. रात्री मालेगावजवळच्या वीज उपकेंद्रात त्याची ड्युटी, सकाळी तो घरी जायचा, मी कामाला. तो येणार, मी जाणार. मधे ती खिंड. नाव त्यानं सांगितलं, राजपाल. मीही सांगितलं, रीता. पुढचं काही त्यानं विचारलं नाही, मीही नाही.

"आज वारं कसं हाय तिकडं?" मी विचारायची.

"मले समोरून लागलं. म्हंजे तुमाले मागून. मजा हाय तुमची."

"मंग उद्या अदलाबदल करू."

"वाऱ्याची?"

"नोकरीची! तुमी ब्लाउज शिवा."

एक दिवस त्यानं पाना आणला आणि माझी सीट वर केली. "शाळेतली सायकल शाळेच्याच उंचीवर ठेवली तुमी. गुडघे नाही दुखनार तं काय?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चढावर उतरून ढकलत जा. लाजू नका, कोन पाहून राह्यलं?"

"तुमी पाहून राह्यले ना."

मफलर नीट करायचं निमित्त करून त्यानं तोंड लपवलं. मी मात्र मालेगाव येईपर्यंत गाणं गुणगुणत पायडल मारलं. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा तो एकटाच होता, हे मला त्या दिवशी उमगलं. रविवारी दुकान बंद, तर मला करमेना. काय खरं आहे बाप्पा, म्हटलं, पोरगी गेली कामातून!

पण आतून एक भीती होतीच. हा असेल गावातला, कोणा पाटला-देशमुखाचा. तांड्यातली पोरगी म्हटल्यावर... नकोच. शाळेत आमच्या बोलीवर पोरं इतकी हसायची की तांड्याबाहेर पाऊल पडलं की आमची जीभ आपोआप वऱ्हाडी होते. मीही त्याच्याशी तशीच बोलत होते.

मग धुक्याची सकाळ आली. खिंडीच्या अलीकडे सोयाबीनची ट्रॉली एकदम अंगावर आली, मी सायकल खाली घातली आणि धाडकन पडले.

"याडी ये!"

आईलाच हाक मारली मी. आमच्या बोलीत, जोरात. लागल्यावर कुठली आलीय वऱ्हाडी?

धुक्यातून तो धावत आला. सायकल टाकून दिली होती त्यानं. माझ्यासमोर उकिडवा बसला.

मग बोलला. आमच्या बोलीत! "कुठं लागलं तुला?" एवढंच म्हणाला, पण आमच्या बोलीत. तोही तांड्यातलाच होता, आणि तोही माझ्यासारखाच जीभ झाकून बोलत होता! किती दिवसांनी ती बोली मी एका तरण्या माणसाच्या तोंडून ऐकली. मला रडूच फुटलं. त्याला वाटलं, पायाला फार लागलं असेल.

"नाही गा," मी म्हटलं, "पायाचं नाही हे."

आमच्यात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच असतो, गोत कोणतं? पाण्याचं नंतर विचारतात. कारण गोत एक निघालं की ती भावंडं. मग लग्नाचं नावसुद्धा काढायचं नाही. त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं. माझी सायकल सरळ केली, हँडल जागेवर आणलं आणि निघून गेला.

पुढच्या सकाळीही विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वाऱ्याचं बोलला, पंचरचं बोलला, तेही पुन्हा वऱ्हाडीतच.

संध्याकाळी भाकरी टाकता टाकता मी रुखमाबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "गोत नाही विचारलं? तांड्यातल्या पोट्ट्यानं? मग भ्यालाय तो. एक निघालं तर, म्हणून भ्यालाय. आणि तू कशाला गप्प?"

मीही तेवढीच भ्याले होते, दुसरं काय! या रोडवर अर्धे तांडे राठोडांचे, अर्धे पवारांचे. आणि मी पवार. भाऊ निघाला तर त्या खिंडीतून रोज कोणत्या तोंडानं जाऊ? मग हुस्नाबानोची खोलीच बरी. आणि खोली घेतली तर ही म्हातारी? रोज मला उशीर झाला की चाचपडत फाट्यापर्यंत यायची, टॉर्च धरून बसायची. स्वतःला दिसत नाही आणि उजेड मला दाखवायची.

आठवा दिवस उजाडला. आज दुकानात सांगायचं होतं. खिंडीत तो उभाच होता.

"वारं आज..." त्यानं सुरुवात केली.

"वारं मरू द्या. गोत कोन्तं तुमचं?"

त्याचा चेहरा उतरला. "आधी तुमी सांगा."

"नाही. तुमी."

"रीता... नाही सांगितलं तं नाही चालत का? असंच भेटत जाऊ."

"नाही चालत."

त्यानं डोळे मिटले. खरंच मिटले, सुई टोचून घेताना मिटतात तसे. "आडे," म्हणाला.

माझ्या हातून सायकल सुटली. खडखड करत पडली आणि चेन पुन्हा उतरली.

"काय झालं? तुमीबी आडे?"

"पवार," मी म्हणाले. हसू आणि रडू एकदमच आलं. तो मटकन रस्त्याच्या कडेला बसला. मग चेन चढवायला लागला, तर त्याला ती चढेचना. शेवटी मीच चढवली.

"तुमचा बा होळीले येईल ना?" उठताना त्यानं विचारलं. "मोठी मानसं आल्याबिगर कोन कोनाले मागनार? माह्येबी फडावरच हायेत."

"होळी लांब हाय."

"हाव. तवरोक हाच रस्ता."

मग तो तिकडं गेला, मी इकडं. नेहमीसारखीच एकटी. वारं समोरून होतं. पाय भरून आले, मालेगाव काही येईना.

दुकानात शिरले तर हुस्नाबानो बटणं निवडत होती. "बोल बेटी, क्या तय किया? सायकल जमते का?"

"नाही जमत," मी खरं तेच सांगितलं. "पाय मोडतात, ट्रॅक्टर पाडतात, वारं जीव खाते. शहाण्या मानसानं करायचं काम नाही."

"मंग खोली झाडून ठेवू ना?"

"नका," मी मशीनवर बसत म्हणाले. "सायकलनंच येते."