बॅरेलचं झाकण

"म्याडम, समदी रोपं मेली की!"

निशा कृषी सहाय्यक होती. ती गडमुडशिंगीच्या रोपवाटिकेत पोचली तेव्हा तानूबाई डोक्याला हात लावून बसली होती. टोमॅटोच्या चाळीस ट्रेंनी रातोरात माना टाकल्या होत्या. क्षारपड रानात तगणारी घोळीची भाजी कुजवून तानूबाई बॅरेलात पातळ खत करायची. आता गाव म्हणत होतं, खाऱ्या रानातलं खत म्हणजे मीठच! बॅरेल ओतून टाक, नाहीतर तुझी रोपं नकोत.

निशाने झाकण उचललं. सडका भपका थेट घशात गेला. वर अळ्यांचा थर वळवळत होता. शिसारी आली, तरी ती बघत राहिली.

पलीकडे पाण्याचं पिंप होतं. त्यामागे कुणाची तरी ओकारी वाळली होती, त्यात गुलाबी सुपारीचे तुकडे. शी! तिने नाक दाबलं.

"खत कधी घातलंत, मावशी?"

"काल सकाळी पिंपातलं पाणी मिसळून पयलं एकाच ट्रेला, बघाय म्हून, न्हेमीवानी. त्यो बगा कोपऱ्यात, हिरवागार. मग सांजच्याला तसंच बाकीच्यास्नी."

"दुपारी इथं कोण होतं?"

"मी जेवाय गेलते. चिमणाबाई हुती."

चिमणाबाई रोज बॅरेल ढवळायची. ती फणकारली, "भांडलो व्हय आमी दोघी काल. म्हून रोपं मारीन व्हय? मीबी भाकरी खायला घरला गेलते."

फाटकाशी खतांचा दुकानदार आकाराम नाकाला रुमाल लावून उभा होता. "ओता त्यो बॅरेल!" सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

"तुम्ही आत आला होता?"

"कवाच न्हाय! वासानंच मळमळतंय." त्याने पुडीतली गुलाबी सुपारी तोंडात टाकली.

निशाने पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकली.

"खारट! मीठ खतात नाही, पाण्यात आहे. खत खारं असतं तर अळ्या जगल्या नसत्या, कोपऱ्यातला ट्रेही मेला असता. म्हणजे मीठ दुपारी पडलं. चिमणाबाईंनी सरळ बॅरेलात टाकलं असतं, त्यांना वासाचं काय? खतावर आळ तर आणायचा, पण झाकण काही उघडवेना, असा माणूस पिंपापाशीच थांबला. आणि तिथंच ओकला. आकाराम, सुपारी तुमचीच ना?"

त्याचा रुमाल खाली आला. "ह्या घाणीपायी माज्या दुकानाकडं कुत्रं फिरकंना…"

तानूबाई उठली. तिने झाकण बाजूला फेकलं आणि ढवळायचा दांडका त्याच्या हातात कोंबला.

"नवी रोपं येस्तवर रोज तूच ढवळायचं. हाण!"

आकारामने एकदाच आत पाहिलं आणि पुन्हा ओकला.