त्याचं वाक्य

एका रविवारी सकाळी जंगलात शर्मिष्ठाने एका अनोळखी माणसाचं वाक्य तोडलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

ती रायपूरच्या एका खासगी दवाखान्यात फोन घ्यायला बसायची. लोकांचं अर्धं बोलणं पकडून पुरं करायची तिला सवयच लागली होती. झोप उडाली, छाती धडधडायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांसोबत ही जंगलफेरी सुचवली. तीन तासांत जेमतेम एक किलोमीटर चालायचं, फोन बंद ठेवायचा, झाडांना हात लावायचा, ऐकत राहायचं... गुढियारीतल्या तिच्या घरी सगळे हसले होते.

फेरी नेणारा निरंजन एका साल वृक्षाखाली उभा होता. “आता सगळ्यांनी डोळे...” तो म्हणाला आणि त्याचा शब्द अडकला.

“मिटा,” शर्मिष्ठा बोलून गेली.

“उ... उघडे ठेवा.” तो हसला. “मिटून चालाल तर पडाल, मॅडम.”

ती कानापर्यंत लाल झाली. पण पुढच्या रविवारी परत गेली, त्याच्या पुढच्याही.

निरंजन लहानपणापासून अडखळायचा. मास्तर, दुकानदार, सख्खा भाऊसुद्धा त्याची वाक्यं पुरी करून टाकायचे. जंगलात कुणी घाई करत नाही, म्हणून त्याने हे काम धरलं होतं. शर्मिष्ठा हळूहळू थांबायला शिकली. एकदा त्याने दवाने ओलं झालेलं पान तिच्या तळहातावर ठेवलं आणि काही सांगायला गेला. शब्द येईपर्यंत ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. तो शब्द कोणता होता, ते तिला नंतर आठवलंच नाही.

“निरंजन भैया, पुढच्या रविवारी...” ती निघताना म्हणाली.

“बाकीचे भैया म्हणतात तर म्हणू द्या,” तो पानाकडे बघत म्हणाला. “तु... तुम्ही नका म्हणू.”

चार महिन्यांत तिच्या गोळ्या सुटल्या आणि निरंजनने लग्नाचं विचारल्यावर ती हो म्हणाली. त्याच सुमारास श्यामकांतमामांनी नागपूरच्या इंजिनियरचं स्थळ आणलं. तिने सरळ नाही म्हटलं आणि निरंजनचं नाव सांगितलं.

“तो हकला, तोतरा? काम काय, तर लोकांना झाडापाशी उभं करणं,” मामा म्हणाले. “चार लोकांत काय तोंड दाखवशील, पोट्टी?”

“त्याच कामानं मले झोप लागून राहिली, मामा. अन् तोंड माझं आहे. मी दाखवीन.”

तिने निरंजनला घरी बोलावलं. माझ्या वतीने तूच बोल, असं त्याने दारात हळूच विनवलं. तिने मान हलवून नकार दिला.

बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे बाबा, गंगाधरराव, खुर्चीत बसले होते. शेजारी मामा होते. निरंजन उभाच राहिला.

“काका, मले शर्मिष्ठाशी ल... ल...”

“लग्न करायचं आहे, समजलं,” मामा म्हणाले.

शर्मिष्ठा उठली. “मामा, वाक्य त्यांचं आहे. त्यांनाच बोलू द्या. त्यांचं होईपर्यंत इथं कोणी बोलणार नाही.”

आईने स्वयंपाकघरातून डोकावून तिला डोळ्यांनी दटावलं. ती हटली नाही. निरंजनच्या कपाळावर घाम आला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग श्वास घेतला आणि सुरुवातीपासून पुन्हा बोलायला लागला.

“मले... शर्मिष्ठाशी ल... लग्न करायचं आहे. तिनं हो म्हटलं आहे. तु... तुमचा आशीर्वाद पाहिजे.”

एवढं बोलायला त्याला मिनिटभर तरी लागलं असेल. मामा पुटपुटले, “जन्मभर हेच ऐकत बसशील.”

“हव मामा, जन्मभर. मले काही घाई नाही.”

ती सगळ्यांसमोर जाऊन निरंजनच्या बाजूला उभी राहिली आणि तिने त्याचा घामेजलेला हात धरला. आतून चहाचा वास येत होता. गंगाधररावांनी दोघांकडे बघितलं. मग त्यांनी होणाऱ्या जावयाला विचारलं, चहात साखर किती घेता... आणि उत्तर येईपर्यंत ते थांबले.