डोंगल निवेपर्यंत

दुपारी साडेतीनला पेचकस शिवणवाल्या मावशींच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळीच कामं दहा मिनिटांची वाटतात. पेचकस हे काही त्याचं खरं नाव नव्हे; खिशात सदा एक स्क्रूड्रायव्हर असायचा, म्हणून गल्लीने ते चिकटवलं होतं.

मावशींचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि जीव टांगणीला. लेक दूरच्या शहरात, बाळंतपणासाठी हॉस्पिटलात. तीन वाजता जावयाचा मेसेज आला होता, 'आत नेलंय.' त्यानंतर एक अक्षर नाही. मावशींना ऐकू फार कमी यायचं. फोनवरचं काही कळत नसे, पण पडद्यावर ओठ दिसले की सगळं कळे. जावई व्हिडिओ कॉल लावणार होता आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं. नेट दोन मिनिटं चाले आणि गुल होई.

"कधीपासून असं होतंय?" पेचकसने त्यांच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं.

"आठ दिवस झाले. त्याआधी कधी कुरकुर नव्हती."

त्याने सेटिंग तपासल्या, वीज वाचवायची सोय बंद केली. फरक शून्य. मग तो टेबलाखाली वाकला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे वायफायचा डोंगल खोचलेला होता आणि त्याच्यावर रजईसारखं जाड, इवलंसं अंगडं चढवलेलं होतं. कडेला नाजूक टाकेसुद्धा घातलेले.

"धूळ बसू नये म्हणून शिवलं," मावशी म्हणाल्या. "बाळाच्या दुपट्याचं कापड उरलं होतं."

पेचकसला हसू आवरेना. अंगडं ओढून काढलं तर आतला डोंगल चटका बसेल इतका तापलेला. "मावशी, तुम्ही बिचाऱ्याला उकडून काढलंत की. तापला की बंद पडतो. अर्धा तास निवू दे, मग बघा."

त्याने कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतला प्लग काढून जमिनीवर ठेवला, मावशींना आधार देत स्वयंपाकघरात आणून बसवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि डोंगल स्वयंपाकघराच्या खिडकीत, वाऱ्यावर ठेवला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मावशींनी बसल्या बसल्याच चहा टाकला. बाहेर लख्ख ऊन होतं.

तेवढ्यात बंद दारापलीकडून आवाज आला. डोंगल खोचला की कॉम्प्युटर करतो तो, दोन सुरांचा.

पेचकसने खिडकीकडे पाहिलं. डोंगल जागच्या जागी होता. तो उठून दारापर्यंत गेला. दाराखालच्या फटीतून गार हवा पावलांना लागली, आणि ओल्या कापडाचा वास आला. त्याने दारावर हात ठेवला, पण काही केल्या ते ढकलायचा धीर होईना.

"काय रे?" मावशींनी मागून विचारलं.

"काही नाही... मांजर असेल."

अर्ध्या तासाने तोच आवाज उलटा आला. डोंगल काढल्यावर येतो तसा. मग खोली शांत झाली. पेचकस आणखी पाच मिनिटं बसून राहिला आणि मग मनाचा हिय्या करून आत शिरला. टेबलावर ऊन पसरलं होतं. प्लग जमिनीवर होता, त्याने ठेवला होता तसाच. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने प्लग लावून कॉम्प्युटर सुरू केला. उघडा डोंगल लावताच नेट आलं आणि टिकलं. मिनिटभरात कॉल वाजला. पडद्यावर लेक, फिकी पडलेली, पण हसणारी. तिच्या कुशीत लाल मुठी आवळलेलं बाळ. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या पदराला डोळे पुसत नुसत्या रडत राहिल्या. इतकं मोकळं वाटणं पेचकसलाही कित्येक दिवसांत लाभलं नव्हतं. सगळं सुखरूप होतं.

"आई, मघाशी तू होतीस म्हणून वाचले गं," लेक म्हणाली. "रक्त थांबेना. डोळे मिटायला लागले होते. उशाशी फोन लावलेला, त्यात तू दिसलीस. शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावलेस. किती वेळ बसली होतीस!"

मावशींनी ओठ वाचले. मग मान वळवून पेचकसकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"हो बाळा," त्या लेकीला म्हणाल्या. "मीच होते."

"पण कॉल बंद करताना तसं का बोललीस?"

"कसं... गं?"

लेकीने बाळाला जवळ ओढलं. "म्हणालीस, 'एकदाही चुकली नाहीस, म्हणून या खेपेला सोडते.'"

मावशींचे हात मांडीवर तसेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच पेचकसला वाटलं की आता नेट जावं. पण ते पक्कं लागलं होतं, आणि पलीकडून लेक उत्तराची वाट पाहत होती.